हिंगणघाटहून लोणारला, स्कॉटलंडमार्गे

वाचक विचारतात

मागच्या अंकात मी वाचकांना एक काम दिलं होतं. मोबाईलवर विकिपीडिया उघडा, आपल्या गावाचं किंवा तालुक्याचं पान शोधा, त्यातल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवत पुढे जा आणि कुठे पोचलात ते कळवा. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर निरोप आले, एका आजोबांनी तर पोस्टकार्ड पाठवलं. सगळ्यांना जागा देता येत नाही, म्हणून ज्यांच्यात इतरांचेही प्रश्न येऊन जातात अशी पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि त्या पत्राने माझ्या विषयाच्या मुळालाच हात घातला आहे.

प्रश्न : मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हिंगणघाटचं पान उघडलं. आधी मराठीत वाचलं, मग इंग्रजीत. तिथून लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याकडे गेले, तिथून एव्हरेस्ट, मग हिमालय, मग स्कॉटलंडमधला कुठलासा डोंगर. रात्रीचे साडेअकरा वाजले. बाबा म्हणाले, याला वाचन म्हणत नाहीत, याला भटकणं म्हणतात. परीक्षेत काय लिहिशील? सकाळी उठल्यावर मलाच आठवेना की हिंगणघाटहून मी स्कॉटलंडला गेले कशी. मग या सगळ्याचा उपयोग काय?
(बी.ए. दुसरं वर्ष, तालुका समुद्रपूर)

उत्तर : बाबांना सांग, मॅडमनी भटकायची परवानगी दिली आहे, पण एका अटीवर. अट नंतर सांगते. आधी तू ज्या वाटेने गेलीस त्याच वाटेने आपण दोघी परत एकदा जाऊ आणि प्रत्येक वळणावर थांबून विचारू, की इथून तिथे का गेलो?

विल्यम लॅम्ब्टन हा इंग्रज फौजेतला अधिकारी. एप्रिल १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ, सेंट थॉमस माउंटपाशी, जमिनीवर एक सरळ रेषा साखळीने मोजली आणि त्या रेषेवर त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो देश मोजायला निघाला. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्यावरचे दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, हे तू शाळेत शिकलीस. त्याने केलं तेच, पण त्याचे त्रिकोण मैलोनमैल पसरलेले होते आणि कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याची चकती वाकली. लॅम्ब्टनने ती स्वतः बसून दुरुस्त केली. वीस वर्षं हे काम चाललं. शेवटी हैदराबादकडून नागपूरला मुक्काम हलवत असताना जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. कापूस घेऊन हिंगणघाटच्या बाजारात वर्षानुवर्षं जाणाऱ्या कितीतरी माणसांना हे ठाऊक नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तर तुझा पहिला दुवा मरणाच्या जागेचा. दुसरा वारशाचा : लॅम्ब्टननंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं आणि ती मोजणीची रेषा त्याने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. शिखराला त्याचं नाव पुढे मिळालं. उंचीचं गणित राधानाथ सिकदारांनी १८५२ मध्ये मांडलं आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला.

तिसऱ्या वळणावर जरा बसू, कारण खरी गंमत इथे आहे. आकाशातल्या ताऱ्यांवरून एखाद्या जागेचं अक्षांश काढायचं तर ‘सरळ खाली’ म्हणजे कुठे हे आधी पक्कं ठाऊक हवं. त्यासाठी मोजणीवाले तेच वापरत जे गवंडी वापरतो : ओळंबा. एव्हरेस्टने दोन ठिकाणं घेतली, एक मध्य प्रदेशात सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि दुसरं उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरकडचं कलियाना. दोघांमधलं अंतर एकदा त्रिकोणांनी काढलं, एकदा ताऱ्यांनी. दोन उत्तरांत पाच कोनीय सेकंदांहून थोडा जास्त फरक आला. अंशाचे ३,६०० भाग केले की एक सेकंद, म्हणजे कागदावर फरक नगण्य. जमिनीवर मात्र तो दीडशे मीटरच्या वर जातो. इतक्या काळजीने काम करणाऱ्या माणसांची इतकी चूक होईल कशी?

संशय हिमालयावर गेला. एवढा मोठा डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. कलकत्त्याचे एक धर्माधिकारी, जॉन प्रॅट, गणिती होते. हिमालयाने ओळंबा किती ओढायला हवा, याचा हिशेब त्यांनी केला आणि १८५५ मध्ये तो छापला. उत्तर आलं पंधरा सेकंदांच्या वर. म्हणजे घोळ वाढला. प्रश्न असा झाला की हिमालय इतका कमी का ओढतो? त्याच वर्षी जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असतं, त्यामुळे एकूण वस्तुमान आपण समजतो तेवढं नसतं. प्रॅटने पुढे वेगळी मांडणी केली. तुझ्या भूरूपशास्त्राच्या पेपरात आयसोस्टसी (भूकवचाचा समतोल) म्हणून जो प्रश्न येतो आणि एअरी व प्रॅट यांची मतं लिहायला सांगतात, तो हाच. बाबांना हे वाचून दाखव.

आता स्कॉटलंड. डोंगर ओळंब्याला ओढतो हे आधी कोणी मोजून पाहिलं होतं का? होतं. १७७४ मध्ये इंग्लंडचा राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्किलिन स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर राहिला आणि डोंगराच्या दक्षिणेला व उत्तरेला ओळंबा किती कलतो ते त्याने मोजलं. त्या आकड्यांवरून चार्ल्स हटन या गणितज्ञाने पृथ्वीची घनता काढली. ते करताना डोंगराचा आकार कागदावर आणायचा होता, म्हणून त्याने सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडल्या. मी वर्गात टोपोशीट पसरून ज्या समोच्च रेषांवर मुलांना बोट फिरवायला लावत असे, त्यांचा हा अगदी सुरुवातीचा वापर.

तू इथे झोपलीस. मी पुढे जाते.

मॅस्किलिनच्या पानावरून त्याच्या नातवाकडे जाता येतं. मुलीचा मुलगा, नेव्हिल स्टोरी-मॅस्किलिन, खनिजांचा अभ्यासक, ब्रिटिश म्युझियममध्ये खनिज विभागाचा प्रमुख. बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला ऑगस्ट १८६५ मध्ये एक उल्का पडली होती. तिच्यात काचेसारखा एक पदार्थ सापडला, आणि १८७२ मध्ये चेर्माक या शास्त्रज्ञाने या नातवाच्या सन्मानार्थ त्याला मॅस्किलिनाइट असं नाव दिलं. हा पदार्थ ज्वालामुखीतून येत नाही. दगडातल्या फेल्डस्पार खनिजाला भयंकर जोराचा धक्का बसला की त्याची स्फटिकाची रचना मोडते आणि तो बनतो. असा धक्का पृथ्वीवर कुठे बसला? १९७० च्या दशकात लोणार सरोवराच्या तळाशी छिद्रं पाडून खडक काढले, त्यात मॅस्किलिनाइट मिळालं. आपल्या बुलडाण्यातलं हे विवर ज्वालामुखीचं नसून उल्केच्या आघाताचं आहे, या निष्कर्षाला त्याने मोठा आधार दिला. आणि शेरघाटीचा तो दगड? तो मंगळावरून आलेला आहे, असं पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडलं.

हिंगणघाटहून निघालो, लोणारला आलो. एसटीने सरळ गेलो असतो तर वाटेत यातलं काहीच लागलं नसतं.

पण आता नीट बघ. या वाटेवरचा एक दुवा मरणाचा होता, एक वारशाचा, एक अडलेल्या गणिताचा, एक सारख्या प्रयोगाचा, एक रक्ताच्या नात्याचा, एक मानाने दिलेल्या नावाचा, शेवटचा पुराव्याचा. पानावर मात्र सगळे सारखेच निळे दिसतात. दुवा म्हणजे आपल्याकडची पांदण आहे : इथून माणसं तिकडे जातात एवढं ती सांगते, शेत कोणाचं आणि त्यात काय पेरलंय ते तुलाच उतरून पाहावं लागतं. तुला सकाळी आठवलं नाही त्याचं कारण हेच आहे. तू पानं वाचलीस, पण दोन पानांच्या मधली जागा मोकळी राहिली.

म्हणून अट अशी. दुव्यावर बोट ठेवून पुढे गेलीस की नवीन पानाचा पहिला परिच्छेद वाच आणि वहीत एकच वाक्य लिही : या दोघांचं नातं काय? ‘मोजणीच्या ओळंब्याचं कोडं सुटलं आणि त्यातून डोंगराच्या मुळांची कल्पना निघाली.’ एवढं पुरे. वाक्य जमत नसेल तर मागे जा, काहीतरी वाचायचं राहिलं आहे. आणि जमलंच नाही तर ‘नातं कळलं नाही’ असं लिही. उद्या तोच तुझा चांगला प्रश्न असेल.

हे मी मनाने सांगत नाही. संगणकावरचे दुवे प्रत्यक्षात येण्याच्या कितीतरी आधी, जुलै १९४५ मध्ये, व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने एका मासिकात लेख लिहून एका टेबलाएवढ्या यंत्राची कल्पना मांडली होती. त्याला त्याने मेमेक्स म्हटलं. त्यात सूक्ष्मफितीवर हजारो पुस्तकं असतील आणि वाचणारा कुठलीही दोन पानं कायमची एकमेकांना जोडू शकेल. त्याने दिलेलं उदाहरण मला फार आवडतं : एक वाचक शोधतो आहे की धर्मयुद्धांच्या चकमकींत तुर्कांचं आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरलं. तो इतिहासाची पानं जोडतो, तिथून लवचिकपणाच्या भौतिकशास्त्राकडे वळतो आणि मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान घालतो. ते यंत्र कधी बनलं नाही. विकिपीडियाने दुवे आपल्याला तयार दिले. हाताने लिहिलेलं पान मात्र अजून ज्याचं त्यालाच घालावं लागतं.

एक सावधगिरीही सांगते. लॅम्ब्टन १८२३ मध्ये वारला. स्टोरी-मॅस्किलिन १८२३ मध्ये जन्मला. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली तेही १८२३. पाहिलं की अंगावर काटा येतो, पण या तिन्हीत नातं काहीही नाही. साल सारखं आहे, बस. असे योगायोग वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, पुढच्या पानावर येऊ देऊ नकोस.

प्रश्न : नमस्कार मॅडम. आमच्याकडं पाच एकर कपाशी हाये. पोरगा मोबाईलवर बोंडअळीचं वाचता वाचता जपानच्या रेशीमअळ्यापर्यंत गेला, आन मले म्हणते, बाबा, बीटी म्हणजे मुळात रेशमाच्या अळीचा रोग. हे खरं हाये काय? आन मंग त्याच्यात फवारणीचं बी लिहेल असन त त्याच्या भरोशावर फवारा मारू काय?
(कास्तकार, तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : भाऊ, पोराने बरोबर वाचलं. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला मरणाऱ्या रेशीमअळ्यांत एक जिवाणू सापडला. रेशमावर पोट असलेल्या लोकांना ती अळी वाचवायची होती. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर या माणसाला पिठातल्या पतंगाच्या अळीत तोच जिवाणू मिळाला आणि त्या प्रांतावरून त्याला नाव पडलं. बीटी ही दोन अक्षरं त्याच नावाची, बॅसिलस थुरिंजिएन्सिसची. एकाच्या घरचा रोग दुसऱ्याच्या घरचं औषध झाला, कारण रेशीमअळी आणि बोंडअळी या दोन्ही पतंगवर्गातल्या. आपल्याकडे गडचिरोली-भंडाऱ्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळणारी माणसं आहेत. कोशाची अळीसुद्धा पतंगवर्गातलीच. तेव्हा हा जिवाणू कोणाच्या कामाचा आणि कोणाच्या धोक्याचा, हे ज्याच्या त्याच्या पिकावर आहे.

पण तुमच्या पोराला मी त्या पानावरून दुसऱ्या बाजूला पाठवेन. बीटी कपाशीला, म्हणजे या जिवाणूचं अळी मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, पुढे दोन जनुकांचं वाणही आलं, तरी २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. असं का झालं? पाकिटासोबत नॉन-बीटीचं बियाणं, ज्याला आपल्याकडे रेफ्युजी म्हणतात, ते चारी बाजूंनी लावायला सांगत असत. त्यामागे विचार असा. लाखो अळ्यांत दोन-चार अशा असतात ज्यांना बीटीचं विष बाधत नाही. शेतात सगळीकडे बीटीच असलं तर बाकीच्या मरतात, या दोन-चार उरतात, त्यांची आपसात जोडी लागते आणि काही हंगामांत सगळी पैदास तशीच होते. नॉन-बीटीच्या ओळींत साध्या अळ्या जगल्या तर त्यांचे पतंग या निबर पतंगांशी जुळतात आणि ती ताकद पसरायला वेळ लागतो.

आता हेच पान ‘प्रतिकारशक्ती’च्या दुव्याने पुढे न्या. डीडीटी मारूनही डास का मरेनासे झाले? तेच कारण. टीबीच्या पेशंटला बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडू नको असं आरोग्यसेविका घरी येऊन का सांगते? तेच कारण : अर्धवट औषधाने कमजोर जंतू मरतात, निबर उरतात आणि मग साध्या गोळ्या लागू पडत नाहीत. कपाशीचं शेत, डासांचं डबकं आणि माणसाचं फुप्फुस. शाळेत हे तीन वेगवेगळ्या धड्यांत येतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही की मागे एकच गोष्ट चालली आहे. तुमचा पोरगा हे कपाशीवरून शिकतो आहे, आणि त्याच्या घरात ते शिकवणारा माणूस रोज बांधावर जातो. त्याला तुमच्याबरोबर शेतात न्या आणि बोंड फोडून अळी दाखवा. गुलाबी अळी बोंडाच्या आत बसते, वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, हे पानावर वाचण्यापेक्षा हातात बोंड घेऊन लवकर पटतं.

आणि फवारणीचं साफ सांगते : नाही. ज्ञानकोश समजून घेण्यासाठी आहे. कोणतं औषध, किती मिली, कशात मिसळायचं की मिसळायचं नाही, हे डब्यावरच्या लेबलवरून आणि कृषी विज्ञान केंद्राला किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला विचारून ठरवा. त्याच २०१७ साली तुमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. तोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही. हे पोराकडून वाचून घेऊ नका, तुम्ही त्याला शिकवा.

प्रश्न : मॅडम, माझे मित्र म्हणतात की विकिपीडियाच्या कुठल्याही पानावर पहिल्या दुव्यावर क्लिक करत गेलं की शेवटी ‘तत्त्वज्ञान’ येतं. हे खरं आहे का, आणि असं का होतं?
(बारावी विज्ञान, खामगाव)

उत्तर : इंग्रजी विकिपीडियात बऱ्याच अंशी खरं आहे. काही साखळ्या मात्र दोन-तीन पानांतच गोल फिरत राहतात. कारण सोपं आहे. पानाचं पहिलं वाक्य व्याख्येचं असतं, आणि व्याख्या करायची तर वस्तू तिच्याहून मोठ्या गटात टाकावी लागते. संत्रं म्हणजे फळ, फळ म्हणजे वनस्पतीचा भाग, वनस्पती म्हणजे सजीव, आणि असं वर चढत गेलं की आपण ‘ज्ञान’, ‘अस्तित्व’ अशा शब्दांपाशी येतोच. पुढे वाट तत्त्वज्ञानाचीच.

मराठीत हा खेळ बरेचदा मध्येच अडतो, कारण पुढचं पान अजून लिहिलेलंच नसतं. पण मी तुला वेगळा खेळ सांगते. पहिला दुवा सोड, लेखाच्या मधल्या परिच्छेदातला घे. पहिला दुवा वर नेतो, मधले दुवे आडवे नेतात : संत्र्यावरून स्कर्व्ही, स्कर्व्हीवरून जहाजावरचे खलाशी, तिथून जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये आजारी खलाशांच्या जोड्या करून कोणाला संत्री-लिंबं, कोणाला सायडर, कोणाला समुद्राचं पाणी देऊन पाहिलं तो प्रयोग. नवीन औषधाची चाचणी आज ज्या पद्धतीने घेतात तिच्या सुरुवातीच्या पायऱ्यांत हा प्रयोग मोजतात. नागपूरच्या संत्र्यावरून निघालेल्याला हे वर चढून मिळालं नसतं.

प्रश्न : मी मेळघाटात, धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. मुलं कोरकू बोलतात. मागच्या अंकातलं काम माझ्या वर्गाने कसं करायचं?

उत्तर : सर, तुमच्या वर्गासाठी हे काम जास्त चांगलं होईल असं मला वाटतं. दोन गोष्टी सांगते.

किविक्स नावाचं मोफत ॲप आहे. त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो. तालुक्याला किंवा अमरावतीला जाल तेव्हा वायफायवर ती फाइल उतरवा, मेमरी कार्डवर टाका आणि शाळेच्या टॅबमध्ये किंवा जुन्या मोबाईलमध्ये घाला. चित्रांशिवायची फाइल घेतलीत तर जागा कमी लागते. मग नेटची गरज नाही, दुवे आपोआप चालतात, आणि जाहिराती किंवा व्हिडिओकडे मुलांचं मन जायचा प्रश्नच नाही. फाइल ज्या दिवशी तयार झाली त्या दिवसापर्यंतचीच माहिती तिच्यात असते, एवढं मुलांना सांगून ठेवा.

दुसरं, सुरुवात ‘भारत’ किंवा ‘पृथ्वी’पासून करू नका. मुलांच्या तोंडात जी भाषा आहे तिथून करा. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, त्या गटातली सगळ्यात पश्चिमेकडची. मुंडा गटात संथाळी आहे, मुंडारी आहे. हा गट ज्या मोठ्या कुळात बसतो, त्या ऑस्ट्रोएशियाटिक कुळात मेघालयातली खासी आहे, कंबोडियातली ख्मेर आहे आणि व्हिएतनामची भाषाही आहे. तुमच्या वर्गातलं लेकरू, ज्याला मराठीच्या तासाला मागच्या बाकावर गप्प बसावं लागतं, त्याची भाषा पार अंगकोरवाटच्या देशापर्यंत नातेवाईक ठेवून आहे. भिंतीवर आशियाचा नकाशा लावा. धारणीला एक खिळा, रांचीला एक, शिलाँगला एक, नॉम पेन्हला एक, हनोईला एक, आणि मुलांना सुतळी बांधू द्या. प्रत्येक सुतळीला चिठ्ठी अडकवा, तिच्यावर मुलाच्या हातचं एक वाक्य : ही जागा आपल्याला का जोडली? मराठीत जमत नसेल तर कोरकूत लिहू द्या, देवनागरीत.

मोह, सागवान, वाघ हेही विषय हाताशी आहेत. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ व्याघ्र राखीव क्षेत्रांत मेळघाट होतं. पण भाषेपासूनच सुरू करा, असा माझा आग्रह राहील.

प्रश्न : विकिपीडियात मराठीत वाचताना काही नावं लाल दिसतात. दाबलं तर रिकामं पान येतं. आमच्या काळी विश्वकोशाचे खंड होते, त्यात असं अर्धवट काही नसे. मग या नव्या कोशावर विश्वास ठेवायचा कसा?
(निवृत्त तलाठी, आर्वी. पोस्टकार्ड)

उत्तर : काकाजी, तुमचं अक्षर पाहून आनंद झाला. मराठी विश्वकोश मलाही प्रिय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला त्याचं काम उभं राहिलं आणि आता त्याचे खंड मोबाईलवरही वाचता येतात. दुवे त्यातही होते. लेखाच्या शेवटी ‘पहा :’ म्हणून दोन-चार नावं देत, आणि मग वाचक दुसरा खंड काढायला उठत असे. छापील खंडात जमत नाही अशी एक सोय मात्र इथे आहे. पानाच्या साधनांत ‘येथे काय जोडले आहे’ असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की या पानाकडे कोणकोणती पानं बोट दाखवतात त्यांची यादी येते. लोणारच्या पानावर ते करून पाहा. लोणार काय आहे हे पान सांगतं. लोणारची आठवण कोणाकोणाला आली हे ती यादी सांगते.

विश्वासाचं म्हणाल तर वाक्यापुढचा लहान आकडा बघायचा. तो दाबला की माहिती कुठून घेतली ते खाली दिसतं. आकडा नसेल, किंवा ‘संदर्भ हवा’ असं लिहिलं असेल, तर ते वाक्य अजून पक्कं धरायचं नाही. तुम्ही आयुष्यभर सातबाऱ्यावरची नोंद फेरफाराशी पडताळून पाहिली आहे, तुम्हाला हे शिकवायला नको.

लाल अक्षरांचा अर्थ असा की या नावाचं पान हवं आहे हे कोणालातरी वाटलं, पण लिहिलं कोणी नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि तो पगारी माणसांनी लिहिलेला नाही. तुमच्यासारख्यांनीच लिहायचा आहे. आर्वी तालुक्यातली जुनी गावं, नदीकाठचे घाट, बाजाराचे वार, कोणत्या धरणात कोणतं गाव गेलं, यातलं बरंच काही तुमच्याकडे आहे. फक्त आठवणीतून लिहिलेलं तिथे टिकत नाही, छापलेला आधार लागतो : जिल्हा गॅझेटियर, जनगणनेची पुस्तिका, वर्तमानपत्राचं कात्रण. वर्ध्याचं गॅझेटियर जिल्हा ग्रंथालयात मागून बघा.

पान नव्याने लिहायचा धीर होत नसेल तर आर्वीच्या पानावर ‘चर्चा’ नावाचा टॅब आहे. तिथे साध्या मराठीत लिहा की अमुक वाक्य चुकलं आहे, अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर बरोबर माहिती आहे. लिहिणारी माणसं तो टॅब वाचतात. नातवाला शेजारी बसवा, टाइप तो करेल. आणि कोणत्या गावापासून सुरुवात केलीत ते मला पुढच्या पोस्टकार्डात नक्की लिहा.